मदत हवी आहे: सायकॉलॉजी ऑनर्सच्या थिसिसला गाईड मिळत नाहीये (कोल्हापूर)

सोनटक्का
नमस्कार, जरा अर्जंट आहे. थिसिसला गाईडच मिळेना. एका मॅडमकडची पोरं फुल्ल झालीत, सरांना मेल केला त्याला उत्तर नाही, दुसऱ्या मॅडम म्हणाल्या हा माझा विषय नाही. सिनॉप्सिस (थिसिसचा थोडक्यात आराखडा) महिनाअखेर द्यायचाय आणि त्यावर गाईडची सही लागते. बाहेरच्या कॉलेजचा गाईड चालतो का? प्लीज लवकर सांगा, झोप उडालीय.

पन्हाळ्याचा_पाऊस
बीए की एमए? टॉपिक काय? कॉलेज स्वायत्त आहे की विद्यापीठाचा सिलॅबस? आणि नुसतं ऑनर्स की ऑनर्स विथ रिसर्च? काहीच लिहिलं नाहीस तर सांगायचं काय.

तांबडा_पांढरा
गाईडचं नंतर बघ गं. आधी गुगल फॉर्म करून व्हॉट्सॲपच्या ग्रुपांवर सोड. मी असंच केलं होतं, डेटा हातात दिसला की सर लोक आपोआप तयार होतात.

रंकाळ्याकाठी
कृपा करून असलं सांगू नका. माणसांवरचा अभ्यास आहे, आधी एथिक्स कमिटीची मान्यता आणि संमतीचा कन्सेंट फॉर्म, मग डेटा. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या गाईडलाइन्स आहेत त्या वाचा. मान्यता मागाहून घेता येत नाही.

तांबडा_पांढरा
बीएच्या पोरांना कुठली आलीय एथिक्स कमिटी, उगं घाबरवू नका तिला.

सोनटक्का
बीए चौथं वर्ष, ऑनर्स विथ रिसर्च. टॉपिक तालमीतल्या पैलवानांना कुस्तीच्या आधी जे टेन्शन येतं त्यावर आहे. माझा भाऊ तालमीत असतो, मैदानाच्या आदल्या रात्री तो जेवत नाही, कुणाशी बोलत नाही, नुसता लंगोट धुवून वाळत घालतो आणि बघत बसतो. यावर कुणी काही विचारलेलंच नाही असं मला वाटतं, म्हणून टॉपिक बदलायचा नाहीये.

वस्तादांचा_नातू
लय भारी विषय! खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, त्या मातीत उतरताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात. पण आता मॅटवरच्या कुस्तीनं सगळं बदललंय, मातीची कुस्ती वेगळी आणि मॅटची वेगळी, यावर कुणीतरी लिहायला पाहिजे.

देवयानी_के
क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं असेल तर नुसत्या एमएवर भागत नाही, आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद) मान्यता असलेलाच कोर्स करावा लागतो हे आत्ताच लक्षात ठेव.

सोनटक्का
ताई, ते मी विचारलं नाहीये, गाईडचं सांगा ना कुणीतरी.

रंकाळ्याकाठी
तालमीतली निम्मी पोरं अठराच्या आतली असतील. तिथं पालकांची लेखी संमती लागते आणि पोराची स्वतःचीही. वस्तादांनी "बसा रे सगळे" म्हटल्यावर बसलेली पोरं ही संमती नव्हे. नाहीतर सरळ अठराच्या वरचेच घे.

पन्हाळ्याचा_पाऊस
हां, आता सांगता येईल. यूजीसीच्या २०२२ च्या आराखड्यात रिसर्चवाल्यांना पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात आणि प्रोजेक्ट प्राध्यापकाच्या मार्गदर्शनाखालीच करायचा असतो. म्हणजे तुला त्या कोर्सला घेतलंय तर गाईड देणं हे डिपार्टमेंटचंही काम आहे. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, लेखी अर्ज दे आणि पोच घे. बाहेरचा गाईड चालतो का हेही त्यांनाच विचार, इथं कुणी हो म्हणून उपयोग नाही.

दुसरं म्हणजे "माझे गाईड व्हाल का" एवढाच मेल कुणाला करू नकोस. एक पान कर. प्रश्न काय, कुणाला विचारणार, कुठलं टूल, कधी काय करणार. मार्टेन्सची स्पोर्ट कॉम्पिटिशन अँक्झायटी टेस्ट (स्पर्धेच्या टेन्शनची प्रश्नावली) बघ, १९७७ ची, १५ वाक्यं आहेत, त्यातली ५ नुसती भरतीची, मार्कात धरत नाहीत. हे पान घेऊन नाही म्हणालेल्या मॅडमकडेच परत जा. त्यांचा विषय खेळ नसेल, पण अँक्झायटी असेल, स्टॅटिस्टिक्स असेल. बीएला तेवढं पुरतं. खेळाच्या बाजूला फिजिकल एज्युकेशनचे सर को-गाईड म्हणून चालतात का विचार.

तांबडा_पांढरा
एवढ्या भानगडीपेक्षा कॉलेजच्या पोरांचं मोबाईलचं व्यसन घे, दोन दिवसात सॅम्पल.

रंकाळ्याकाठी
तिनं टॉपिक बदलायचा नाही म्हणून सांगितलंय, वाचा की वर. सोनटक्का, विद्यापीठाच्या खर्डेकर ग्रंथालयात जुने प्रबंध चाळ, मागच्या संदर्भांवरून कोण कशावर काम करतं ते कळतं. घरबसल्या शोधगंगा ही प्रबंधांची वेबसाइट आहेच.

सोनटक्का
थँक्यू पाऊस सर की मॅडम, पान आजच लिहिते, सोमवारी एचओडींकडे अर्ज. त्या टेस्टचं मराठी भाषांतर कुणाकडे आहे का? भावाला इंग्रजी वाक्यं दिली तर तो कागद परत देईल.

पन्हाळ्याचा_पाऊस
आधी ती टेस्ट वापरायच्या परवानगीचं बघ. मग एकानं मराठीत करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्यानं परत इंग्रजीत, आणि दोन्ही ताडून बघायचं. हेही त्या पानावर लिही.

वस्तादांचा_नातू
अठराच्या वरचे पैलवान पाहिजेत तर मेसेज कर, आमच्या तालमीत विचारतो. संध्याकाळी मेहनतीच्या वेळेत मात्र येऊ नको, कुणी बोलणार नाही.