अपघाताच्या क्लेममध्ये वकिलाचे टक्के: चालू द्यायचे की बंद करायचे?

कृष्णाकाठ

मोटार अपघाताच्या दाव्यात वकील टक्क्यावर फी ठरवतात हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत असतं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत याला साफ मनाई आहे, हे मात्र कुणी सांगत नाही. फी निकालावर अवलंबून ठेवायची नाही आणि पक्षकाराला मिळणाऱ्या रकमेत वाटा घ्यायचा नाही, असं तिथं लिहिलंय. तरी आमच्या भागात वीस टक्के, पंचवीस टक्के असे दर भाजीच्या भावासारखे बोलले जातात.

आमच्या भावकीतल्या एका गवंड्याला हायवेच्या सर्व्हिस रोडवर कारने उडवलं. मांडीचं हाड मोडलं, आत रॉड टाकला. तो वॉर्डात असतानाच एक 'क्लेमवाला', म्हणजे वकिलाला केस मिळवून देणारा एजंट, आला आणि वकीलपत्रावर, शिवाय दोन-चार कोऱ्या कागदांवर सह्या घेऊन गेला. आपला वकील कोण, हे या माणसाला बरेच दिवस माहीत नव्हतं. टक्का मात्र पहिल्याच दिवशी ठरला.

मला खटकतं ते असं की भरपाई म्हणजे कमाई नव्हे. त्यातला मोठा भाग दवाखान्याचं बिल, पुढचं ऑपरेशन, घरी सांभाळायला ठेवलेलं माणूस यांचा असतो. त्यावरही टक्का कापला की जखमी माणूस स्वतःच्या औषधाचे पैसे वकिलाला देतो.

पर्याय नाही असंही नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्न कितीही असो, तिथं फुकट वकील मिळतो. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. अपघातात सापडणारे निम्म्याहून जास्त लोक यात बसतील असा माझा अंदाज. मग टक्केवारी हवीच कशाला?

सांगलीचा_वकील

नियम तुम्ही बरोबर सांगितलात. आता व्यवहार ऐका. तुमच्याच गवंड्याचं गणित मांडतो, आकडे माझ्या मनाचे.

वय ३२, महिन्याला १५,००० कमाई. वर्षाचे १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के धरायचे, झाले २,५२,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या सरला वर्मा निकालातल्या तक्त्याप्रमाणे या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, १६. म्हणजे ४०,३२,०००. आता याला अपंगत्वाच्या टक्क्याने गुणायचं आणि खरी मारामारी इथंच असते.

सिव्हिलचं सर्टिफिकेट म्हणतं, पायाचं ३० टक्के अपंगत्व. विमा कंपनीचा वकील म्हणतो, पायाचं ३० म्हणजे सगळ्या शरीराचं १५. त्या हिशेबाने ६,०४,८०० होतात. मी म्हणतो, गवंड्याला परांचीवर चढता येत नाही, उकिडवं बसता येत नाही, म्हणजे त्याची कमाई निदान ६० टक्क्यांनी गेली. २४,१९,२०० झाले. शरीर किती मोडलं यापेक्षा कमाई किती बुडाली हे बघा, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगून कितीतरी वर्षं झाली. पण ते ट्रिब्युनलसमोर, म्हणजे अपघाताच्या दाव्यांच्या न्यायाधिकरणासमोर, सिद्ध कुणी करायचं? ऑपरेशन केलेल्या डॉक्टरला साक्षीला आणावं लागतं. डॉक्टर ओपीडी सोडून यायला तयार नसतो. आला की कंपनीचा वकील उलटतपासात त्याला सोलतो. गवंड्याने कमाईचा कागद कुठून आणायचा? ज्याच्या साइटवर तो होता त्या कॉन्ट्रॅक्टरच्या पाया पडायला मीच जातो.

या सगळ्याचा खर्च वर्षानुवर्षं माझ्या खिशातून होतो. निकाल विरुद्ध गेला तर गेला. आधी ५०,००० ठेवा म्हटलं तर हा माणूस केसच टाकणार नाही. मग कंपनीचे सगळेच वाचले.

विमा_रिटायर

आयुष्य विमा कंपनीच्या क्लेम विभागात गेलं, त्यामुळे पलीकडच्या टेबलावरून सांगतो. वकीलसाहेबांचं गणित चोख आहे. १५ आणि ६० मधला फरक मी स्वतः शेकडो फाइलींत पाहिलाय आणि त्या फरकासाठी चांगला वकील लागतो हे मान्य.

पण टक्केवारीचं दुसरं टोक त्यांनी सांगितलं नाही. लोकअदालतीच्या आधी आमच्याकडे फाइली काढल्या जायच्या. व्याज चढत असतं, म्हणून कंपनीलाही मिटवायची घाई असते. वीस लाखांची केस बारा लाखांत मिटवायची ऑफर गेली की वकिलापुढे हिशेब सोपा असतो: आज बारा लाखांवर टक्का, की चार वर्षं झगडून आणि पुढे हायकोर्टात अपील सोसून वीस लाखांवर? पुष्कळजण आज घेतात. पक्षकाराला सांगितलं जातं, "मिळतंय ते घ्या, पुढचं काय सांगता येत नाही." लोकअदालतीतल्या तडजोडीवर अपील नाही. सही झाली की दार बंद.

टक्का असला की वकील पक्षकाराच्याच बाजूने जीव तोडून लढतो, ही समजूत निम्मीच खरी आहे.

सांगलीचा_वकील

काका, बारा लाख आज हातात आले तर मुलीची फी भरली जाते, सावकार फिटतो. चार वर्षांनंतरचे वीस लाख तुमच्या फाइलीत छान दिसतात. तडजोड करायची की नाही हे पक्षकार ठरवतो आणि त्याच्या घरची चूल मी बघितलेली असते, तुम्ही नाही.

विमा_रिटायर

पक्षकाराला दोन्ही आकडे सांगून त्याने ठरवलं तर माझी काही हरकत नाही. वीसचा आकडा किती वकील सांगतात, एवढंच विचारतोय.

वॉर्डातली_सिस्टर

मी कोल्हापुरात एका मोठ्या दवाखान्यात कॅज्युअल्टीला असते. क्लेमवाल्यांवर सगळे तुटून पडले आहेत, म्हणून थोडं त्यांच्या बाजूने.

ॲम्ब्युलन्सच्या मागोमाग ते येतात हे खरं. त्यांना बातमी कोण देतं हे मी इथं लिहिणार नाही, नोकरी करायचीय. पण नातेवाइकांना "एमएलसी, म्हणजे पोलीस केस म्हणून दवाखान्यात नोंद, झाली का बघा, पोलिसांत जबाब द्या, गाडीचा नंबर लिहून ठेवा, बिलं टाकू नका" हे सांगणारा कित्येकदा तोच एकटा असतो. आम्हाला वेळ नसतो, पोलिसांना घाई नसते. समोरचा कारवाला पाच-दहा हजार देऊन "आपसात मिटवू" म्हणत उभा असतो. क्लेमवाला नसता तर निम्मे लोक तिथंच मिटवून घरी गेले असते.

विधी सेवा प्राधिकरणाचं कोणी माणूस मी आमच्या वॉर्डात आजवर पाहिलेलं नाही. फुकट वकील कोर्टाच्या आवारात बसलाय आणि पेशंट ट्रॅक्शनला टांगलाय. त्या दोघांची गाठ घालायची कुणी?

इस्लामपूरची_लेक

मी तो फुकट वकील घेतलाय, म्हणून लिहिते. मिस्टरांची केस होती. अर्ज त्यांच्या नावाचा, त्यामुळे उत्पन्नाचा दाखला काढायला लागला. वकील पॅनेलवरचे मिळाले, माणूस भला. पण मध्येच पॅनेल बदललं आणि नव्या वकीलबाईंना सगळी फाइल पहिल्यापासून समजावून सांगावी लागली. डॉक्टरांच्या मागे आम्हीच धावलो. पंचनाम्याची नक्कल, चार्जशीटची नक्कल, समोरच्या गाडीची पॉलिसी, सगळं मीच गोळा केलं. शेवटी रक्कम मिळाली, व्याजासकट, आणि त्यातला एक रुपया कुणाला द्यावा लागला नाही.

ज्याच्या घरात असं धावणारं माणूस आहे त्याने हा रस्ता घ्यावा. नसेल तर वकीलसाहेब म्हणतात ते मला पटतं. कृष्णाकाठदादा, तुम्ही म्हणता तितकं ते सोपं नाही.

जर्सीतला_नाशिककर

इथं अमेरिकेत इजा झालेल्यांचे खटले सर्रास टक्क्यावरच चालतात, साधारण एक तृतीयांश. मात्र करार लेखी लागतो आणि टक्का खर्च वजा करण्याआधी की नंतर, हेही त्यात येतं. तुम्ही बंदी घालून बसलात, त्यामुळे तेच सगळं कराराशिवाय चाललंय. राग मानू नका, पण दोन्हीकडून तोटा झालाय.

विमा_रिटायर

आता ज्यात वकिलाचं डोकं लागतच नाही अशा ठिकाणी घेतलेल्या टक्क्याबद्दल बोलू.

धडक देऊन पळालेल्या गाडीचा पत्ता लागला नाही, तर १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० मिळतात. त्यासाठी ट्रिब्युनल नाही, साक्ष नाही. अर्ज महसूल खात्याकडे, मंजुरी जिल्हाधिकाऱ्यांकडे. तसंच मोटार वाहन कायद्याचं कलम १६४: चूक कुणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख, गंभीर इजेला अडीच लाख. इथंही गुणक नाही, चूक कुणाची यावर उलटतपास नाही. पन्नास हजारांतले दहा हजार कुणी अर्ज भरून दिल्याबद्दल घेतले, तर त्याला फी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शिवाय २०२२ च्या नियमांप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत ट्रिब्युनलला पाठवायचा असतो. तो अहवालच दावा म्हणून घेता येतो. हे नीट चाललं तर निम्म्या धावपळीचं कारणच उरत नाही.

सांगलीचा_वकील

काका, "नीट चाललं तर" हे तुम्हीच लिहिलंत. हिट अँड रनचं मान्य, तिथं टक्का घेणाऱ्याची बाजू मी घेणार नाही.

बार्शीकर

वाद चालू दे, माझं एक विचारायचंय. मेव्हण्याचा अपघात होऊन सात महिने झाले. एकाने सांगितलं सहा महिन्यांत केस नाही टाकली तर गेली. दुसरा म्हणतो, मी करून देतो, पण मुदत गेलीय म्हणून तीस टक्के. खरं काय? अपघात पुण्याजवळचा आहे, आम्ही बार्शीचे.

सांगलीचा_वकील

सहा महिन्यांची अट कायद्यात आहे, १ एप्रिल २०२२ पासून. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि केवळ मुदत गेली म्हणून दावे फेटाळू नका, असा अंतरिम आदेश नोव्हेंबर २०२५ मध्ये झालाय. तो अंतरिम आहे, म्हणून आता दिवस घालवू नका. पुण्याला हेलपाटे मारायची गरज नाही, राहत्या भागातल्या ट्रिब्युनलमध्ये दावा टाकता येतो. आणि मुदतीच्या नावाखाली तीस टक्के मागणाऱ्याला नमस्कार करून परत या.

कृष्णाकाठ

वकीलसाहेब, हे तुम्ही फुकट सांगितलंत, मनापासून आभार. आता माझं म्हणणं थोडं खाली आणतो. टक्केवारी बंद होत नसेल तर निदान एवढं व्हावं: टक्का किती ते लेखी असावं, दवाखान्याच्या बिलावर आणि पुढच्या उपचारांच्या रकमेवर तो लागू नये, आणि पैसे थेट पक्षकाराच्या खात्यात जावेत. खात्यात थेट पैसे भरण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये सांगितलेलंच आहे. राहिल्या दोन गोष्टी. तुम्ही तुमच्या पक्षकाराला असा कागद द्याल का?

सांगलीचा_वकील

बिलावर टक्का नाही, हे मी आजही पाळतो. कागद मात्र देऊ शकत नाही. ज्या दिवशी लिहून दिलं, त्या दिवशी तोच कागद बार कौन्सिलपुढे माझ्याविरुद्ध पुरावा होईल. मनाई उठवा, कमाल दर ठरवून द्या, मी पहिला सही करतो.

कृष्णाकाठ

म्हणजे आज तुमचा पक्षकार तुमच्या शब्दावर आहे. तुमचा शब्द चांगला असेलही. माझ्या गवंड्याने कोऱ्या कागदावर सही केली तीही अशाच कुणाच्या तरी शब्दावर.

वॉर्डातली_सिस्टर

बार्शीकर, मेव्हण्याचे एक्स-रे आणि डिस्चार्ज कार्ड दवाखान्याकडून आत्ताच मागून घ्या. जुनं रेकॉर्ड शोधायला आमच्याकडेसुद्धा नंतर फार हेलपाटे पडतात.