रेल्वे फाटकावरचे तुमचे अनुभव लिहा

८ जुलै २०२५ रोजी तामिळनाडूत कडलूरजवळ शाळेची व्हॅन फाटकात रेल्वेसमोर आली आणि तीन मुलं गेली. तिथे गेटमन होता, पण फाटक सिग्नलला जोडलेलं नव्हतं. ब्रॉडगेजवरची बिनगेटमनची फाटकं जानेवारी २०१९ अखेर बंद झाली, तेव्हा आता धोका टळला असं अनेकांनी धरून टाकलं. तो टळलेला नाही. तुम्ही रोज फाटक ओलांडत असाल, तिथे नोकरी केली असेल, किंवा फाटकाच्या जागी भुयारी रस्ता आला असेल, तर लिहा. नुसता संताप नको. नेमकं काय अडतं आणि काय केलं तर सुटेल, ते सांगा.

निवृत्त गेटमन, दौंडकडचा

माझी नोकरी दोन्ही प्रकारच्या फाटकांवर झाली. साध्या, म्हणजे सिग्नलला न जोडलेल्या फाटकावर स्टेशन मास्तरांचा फोन येतो, आपण फाटक लावायचं आणि त्यांना प्रायव्हेट नंबर, म्हणजे खुणेचा गुप्त आकडा द्यायचा. त्या नंबरावर ते गाडी सोडतात. सगळा भार दोन माणसांच्या शब्दावर. इंटरलॉक, म्हणजे सिग्नलला जोडलेल्या फाटकाचं तसं नाही. दोन्ही बूम, म्हणजे आडवे दांडे, खाली येऊन कुलूप बसल्याशिवाय सिग्नल मिळतच नाही, आणि सिग्नल दिल्यावर फाटक उघडत नाही. लोक अंगावर यायचे, "गाडी कुठं दिसतीय, उघडा की!" वऱ्हाडाच्या जीपा, पुढारी, सगळे बघितले. साध्या फाटकावर रात्री एकट्या माणसाने अशा जमावापुढे किती वेळ टिकायचं? इंटरलॉकवर मी सांगू शकायचो, "माझ्या हातात नाही, बाबा." जनतेचा जीव वाचतोच, गेटमनचीही मान सुटते. म्हणून माझं पहिलं मागणं हेच, की उरलेलं प्रत्येक साधं फाटक इंटरलॉक करा.

एकदा गाळपाच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरने बंद होणारा बूम तोडला आणि मागची ट्रॉली रुळांच्या मधोमध बसली. आधी स्टेशनला कळवलं, मग लाल बत्ती घेऊन येणाऱ्या गाडीच्या दिशेने पळालो. ६०० मीटरवर चालकाला आवाजाने सावध करणारा एक फटाका रुळावर बांधायचा, १२०० मीटरवर दहा-दहा मीटर सोडून तीन. अंधारात खडीवरून पळताना पाय कसे वळतात ते पळणाऱ्यालाच माहीत. वेगातल्या गाडीला थांबायला किलोमीटरभर लागतो, म्हणून ही अंतरं. गाडी लांबच थांबली. फाटक तोडल्याबद्दल रेल्वे कायद्याच्या कलम १६० खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे. हे कारखान्याच्या गव्हाणीजवळ मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, कारण ट्रॅक्टरवाले रांगेत थांबतात ते तिथेच.

शेतकरी, वर्धा जिल्हा

आमच्या गावचं फाटक बंद करून खालून बोगदा दिला. उन्हाळ्यात उत्तम, एक मिनिटही थांबावं लागत नाही. पावसाळ्यात मात्र दोन्ही बाजूंच्या वावरांतलं पाणी उतारावरून थेट आत. भिंतीवर चिखलाची रेघ माझ्या छातीपर्यंत आहे. बैल पाण्यात पाय घालत नाहीत, मोटरसायकलच्या सायलेन्सरात पाणी जातं. मग शाळेची पोरं सायकली खांद्यावर घेऊन वरून रूळ ओलांडतात, बाया चाऱ्याचे भारे डोक्यावर घेऊन तिथूनच. पूर्वी तिथे निदान गेटमन तरी ओरडायचा! कुटाराची भरलेली गाडी उंचीच्या दांड्याला अडते, ते वेगळंच.

शेजारच्या गावात काम नीट झालंय. बोगद्याच्या तोंडाशी रस्त्याला आडवा उंचवटा दिलाय, त्यामुळे वावरातलं पाणी बाहेरच वळतं. उतारावर पत्र्याचं छत आहे आणि पाण्याला नाल्यापर्यंत वाट काढून दिली आहे. बोगदा मंजूर करतानाच एवढं लिहून घ्या. नुसत्या पंपावर भिस्त ठेवू नका, पाऊस आला की वीज जातेच.

एसटीचा निवृत्त चालक, नागपूर

३ फेब्रुवारी २००५ ला नागपूरजवळ बिनगेटमनच्या फाटकावर वऱ्हाडाच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीला रेल्वेची धडक बसली. पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यानंतर आमचे कंडक्टर न सांगता खाली उतरायचे, रुळापर्यंत चालत जायचे, दोन्हीकडे बघून हात करायचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३१ मध्ये हेच सांगितलंय, आणि गाडीत दुसरं कुणी नसेल तर चालकाने स्वतः उतरायचं.

प्रवासी, दिवा (ठाणे जिल्हा)

आमच्याकडे फाटक उघडं राहिलं की लोकल खोळंबतात, बंद राहिलं की रुग्णवाहिका. पूल लवकर पूर्ण होणं एवढाच खरा उपाय. तोवर एक गोष्ट सांगते. एक गाडी गेली की माणसं लगेच बूमखालून निघतात, आणि तिच्याच आडून दुसऱ्या रुळावर उलट दिशेची गाडी येत असते. तिचा आवाज पहिलीच्या आवाजात मिसळलेला असतो. दुसरी गाडी येत असल्याची घोषणा मराठीत व्हायला हवी.

सनीवेल, कॅलिफोर्निया

इथे प्रत्येक क्रॉसिंगवर निळी पाटी असते. तिच्यावर त्या क्रॉसिंगचा क्रमांक आणि रेल्वेचा आपत्कालीन फोन. गाडी अडकली तर क्रमांक सांगायचा, म्हणजे नेमकी जागा कळते. शाळेची बस रुळाआधी थांबते, चालक दार उघडून कानोसा घेतो. आपल्या फाटकांनाही क्रमांक असतोच. त्याखाली जवळच्या स्टेशनचा फोन ठळक रंगवायला फार खर्च नाही. गेटमनदादा, रुळावर गाडी बंद पडली तर सगळ्यात आधी काय करावं?

निवृत्त गेटमन, दौंडकडचा

आधी सगळी माणसं खाली उतरवा, लहान मुलं पहिली. सामानासाठी मागे फिरू नका. गेटमनला हाक मारा, तो नसेल तर रेल्वेच्या १३९ या मदत क्रमांकाला फोन लावा. गाडी ढकलायची ती गेटमनने "हो" म्हटल्यावरच. आणि रेल्वे दिसली तर रुळांपासून लांब, पण ती येतेय त्याच दिशेला तिरकं पळा. धडकेनंतर पत्रे आणि लोखंड पुढे उडतं, मागे नाही.