लूव्हर, पाऊस आणि उन्हाची दिशा

"लूव्हर म्हणजे पाऊस घरात घ्यायचं आमंत्रण, त्यापेक्षा स्लायडिंग बरी" असं खिडक्यांबद्दलचं एक मत वाचलं, ते अर्धंच पटलं. लूव्हर म्हणजे फिरवता येणाऱ्या पट्ट्यांची खिडकी, स्लायडिंग म्हणजे सरकती. दोन फाळक्यांची स्लायडिंग कितीही सरकवली तरी निम्मीच उघडते. लूव्हरच्या पट्ट्या आडव्या केल्या की जवळजवळ पूर्ण खिडकी वाऱ्याला मोकळी. पट्ट्यांचा उतार बाहेरच्या बाजूला असेल आणि त्या एकमेकींवर थोड्या चढत असतील, तर सरळ पाऊस आत येत नाही. कोकणातली आडवी झड मात्र येणारच. तिथे वर छज्जा हवा.

पाँडिचेरीतलं अरविंद आश्रमाचं गोलकोंड वसतिगृह बघा. वास्तुविशारद अँटोनिन रेमंडचं डिझाइन, बांधकाम १९३७ च्या सुमारास सुरू झालं. उत्तर-दक्षिण दोन्ही अंगांना काचेच्या खिडक्याच नाहीत, मजलाभर फिरत्या सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसच्या पट्ट्या (आज अ‍ॅस्बेस्टॉस कुणी वापरू नये, ते सोडा). त्या फिरवायची पितळी कडी-मूठ आश्रमाच्या भक्तांनी दिलेली भांडी वितळवून ओतली होती! आतली दारंही फटी ठेवलेल्या सागवानी फळ्यांची, त्यामुळे दार लावलं तरी वारा आरपार.

दिशेकडे मात्र लोक हमखास दुर्लक्ष करतात. दक्षिणेचं ऊन डोक्यावरून येतं, ते आडव्या पट्ट्या अडवतात. पश्चिमेचं संध्याकाळचं ऊन थेट समोरून घुसतं, तिथे उभ्या, फिरत्या पट्ट्याच लावा.

आणि बाथरूमला काचेचे लूव्हर बसवताना आतून डासांची जाळी निघेल अशी करून घ्या, नाहीतर पट्ट्या पुसायला हातच जात नाही.