चाचणी म्हणजे चैन? वाटसरू यांच्या लेखनाच्या निमित्ताने

परीक्षानळी

‘कोविडची लस 11 महिन्यांत होते, तर क्षयावरच्या 1921 च्या बीसीजी लशीला अजून वारस का मिळत नाही? निव्वळ अनास्था! आणि जलद चाचण्या म्हणजे दुखणे आल्यावर त्याचे नाव विचारत बसण्याची चैन,’ असे वाटसरू यांनी काल लिहिले. पहिले विधान अर्धे खरे आहे. दुसऱ्याने मात्र माझ्या अंगाचा तिळपापड झाला, म्हणून हे लांबलचक उत्तर.

जानेवारी 2020 मध्ये विषाणूची जनुकीय क्रमवारी जाहीर झाली आणि 2 डिसेंबरला ब्रिटनने पहिल्या एमआरएनए लशीला, म्हणजे विषाणूचे प्रथिन बनवण्याची कृती पेशींना देणाऱ्या लशीला, मान्यता दिली. तुमचे 11 महिने ते हे. परंतु विषाणूवरचे प्रथिन पेशीत शिरण्यापूर्वी ज्या घडीत असते, त्याच घडीत पक्के करून शरीराला दाखवावे, ही युक्ती आरएसव्ही या श्वसनमार्गाच्या विषाणूवरील 2013 च्या संशोधनातून हाती आली. आरएसव्हीची 1960 च्या दशकातली लस टोचलेल्या बाळांना आजार उलट अधिक तीव्र झाला, दोन बाळे दगावली, आणि त्या रोगाची लस मंजूर व्हायला 2023 उजाडले. तेव्हा त्या 11 महिन्यांच्या पोटात अर्धशतक आहे.

आता ‘चैन’. लस चालते की नाही हे रुग्ण मोजून ठरते, आणि रुग्ण कोण हे चाचणी ठरवते. समजा, लस न घेतलेल्या गटात 100 जणांना खरा रोग झाला आणि घेतलेल्या तेवढ्याच मोठ्या गटात 20 जणांना, म्हणजे लस 80 टक्के परिणामकारक आहे. दोन्ही गटांत भलत्याच कारणाने ताप आलेले प्रत्येकी 900 जण आहेत. अशा दर दहांपैकी एकाला चुकून पॉझिटिव्ह ठरवणारी चाचणी वापरली, तर दोन्हीकडे 90 खोटे रुग्ण वाढतात आणि आकडे 190 विरुद्ध 110 होतात. तीच लस कागदावर 42 टक्क्यांची ठरते, आणि कदाचित कचऱ्यात जाते.

वाटसरू

गणिताच्या शिकवणीबद्दल आभारी आहे. अर्धशतकाचा मुद्दा मान्य. मात्र अनास्थेचा शब्द मी मागे घेणार नाही. इबोलाची लस माकडांवर यशस्वी ठरल्याचे 2005 मध्येच प्रसिद्ध झाले होते. पुढे ती शीतपेटीत पडून राहिली, आणि पश्चिम आफ्रिकेत 11,000 हून अधिक माणसे मेली त्या 2014 मध्ये जाहीर झालेल्या साथीतच तिची माणसांवर खरी परीक्षा झाली. देवीचा रोग तर जलद चाचणीच्या कोणत्याही पट्टीवाचून संपला.

चाचण्यांचे कौतुक मला सांगू नका. माझ्या बहिणीला विडाल ही टायफॉइडची रक्तचाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून दहा दिवस टायफॉइडची औषधे दिली गेली आणि अखेरीस निघाला मलेरिया. ते दहा दिवस आमच्या घराने कसे काढले, ते आम्हालाच ठाऊक.

काजवा

प्रयोगशाळेत पंधरा वर्षे काढली आहेत, म्हणून बोलतो. देवीचा रुग्ण चेहऱ्यावरच्या पुरळावरून अंगणातून ओळखता येत असे. तिथे पुरळ हीच चाचणी होती. पोलिओत साधारण 200 संसर्गांमागे एकालाच लुळेपणा येतो, आणि उरलेले 199 नुसत्या डोळ्यांनी कोण ओळखणार? विडाल 1896 सालची आहे आणि जुना संसर्ग, लसीकरण, दुसराच एखादा जंतू यांपैकी कशानेही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. तिचा राग आजच्या पट्ट्यांवर काढणे म्हणजे आजोबांच्या कर्जासाठी नातवाला धरण्यासारखे आहे.

तरीही पट्टीबद्दल एक गोष्ट सांगतोच. तिच्यावरची ‘सी’ची रेष उमटली म्हणजे चाचणी बरोबर झाली, अशी समजूत अनेक शिकलेल्या माणसांचीही असते. ती रेष फक्त द्रव पट्टीभर सरकला आणि रंगाचे कण काम करत आहेत एवढेच सांगते. काडी नाकात पुरेशी आत गेली होती की नाही, हे ती सांगू शकत नाही. एका गृहस्थांनी निगेटिव्ह आलेली पट्टी तासाभराने पुन्हा पाहिली, सुकताना उमटलेली करडी छटा त्यांना रेष वाटली आणि त्यांनी सारे घर कोंडून घेतले. वाचायची वेळ त्या डबीवर ठळक छापलेली होती.

अर्धवर्तुळ

पट्टीचे पुराण पुरे. लसवाल्यांची घाई कुणी काढणार आहे का? फिलिपिन्समध्ये 2016 पासून 8 लाखांहून अधिक मुलांना डेंग्यूची लस दिली गेली. ज्यांना पूर्वी डेंग्यू झालेला नाही, त्यांना लशीनंतर पहिल्यांदा संसर्ग झाला तर आजार अधिक तीव्र होण्याचा धोका आहे, असे उत्पादकाने नोव्हेंबर 2017 मध्ये सांगितले. लोकांचा सगळ्याच लशींवरचा विश्वास ढासळला आणि 2019 मध्ये तिथे गोवराची मोठी साथ आली. मी स्वतः बाळाला घेऊन लसीकरणाच्या रांगेतून परत फिरलो आहे. मला अडाणी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणा.

वाटसरू

ही चूक लशीची, तिच्यात चाचणीचा काय संबंध?

परीक्षानळी

संबंध नाही? पूर्वी डेंग्यू होऊन गेला आहे का, हे आधी तपासूनच ती लस द्यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितले; आणि ते जागच्या जागी खात्रीने सांगणारी जलद चाचणी तेव्हा हाती नव्हती. तुम्ही ज्याला चैन म्हणता, ते नव्हते म्हणून लस अडली. वाचण्याचे कष्ट घेतलेत तर बरे होईल.

वाटसरू

कष्टांचे उपदेश नकोत. मलेरियाच्या बहुतेक पट्ट्या एचआरपी-2 हे एकच प्रथिन शोधतात, आणि त्याचे जनुकच गमावलेले परजीवी पेरूमध्ये सापडल्याचे 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. पुढे एरिट्रियाला तर देशभरातल्या पट्ट्या बदलाव्या लागल्या. ज्याच्या अंगात परजीवी आहेत त्याला ‘मलेरिया नाही’ म्हणून घरी पाठवणाऱ्या पट्टीवर तुम्ही लशीची परीक्षा सोपवणार?

काजवा

हा मुद्दा मात्र बिनतोड आहे, आणि तो तुमच्याकडून यावा याचे वाईट वाटते. म्हणूनच परीक्षेत नुसत्या पट्टीवर भागवत नाहीत, सूक्ष्मदर्शक लागतो.

वाटसरू

बरे, ‘चैन’ हा शब्द मागे घेतो. आता क्षयाबद्दल सांगा. एम-72 या लशीने सुमारे 50 टक्के संरक्षण दाखवल्याचे 2018 मध्ये जाहीर झाले आणि तिसऱ्या टप्प्याची परीक्षा सुरू झाली 2024 मध्ये. या सहा वर्षांत कोणती चाचणी आडवी आली?

परीक्षानळी

सहा वर्षांना पैसाच कारण आहे. रुग्ण प्रामुख्याने गरीब असलेल्या रोगावर तो खर्चायला कुणी पुढे येईना. एवढ्यापुरते तुम्ही जिंकलात असे समजा. पण त्या आधीच्या परीक्षेचे आकडे पाहा. साडेतीन हजारांवर लोक, तीन वर्षांचा पाठपुरावा, आणि शेवटी मोजायला मिळाले अवघे 39 रुग्ण: लस घेतलेल्यांत 13, न घेतलेल्यांत 26. रक्तातला अमुक घटक इतका असला म्हणजे क्षयापासून संरक्षण आहे, असे सांगणारे माप आजही नसल्याने माणसे आजारी पडण्याची वाट पाहावी लागते आणि प्रत्येकाचा बेडका तपासावा लागतो. म्हणूनच तिसऱ्या टप्प्यात सुमारे 20,000 लोक घ्यावे लागले. त्या 39 मध्ये दहा खोटे रुग्ण मिसळले असते, तर ही लस तिथवर पोहोचली असती का, एवढेच सांगा.