आधी लेनचं तेल बघा, मग बॉलवर पैसे घाला

सातपूरवाला
काल इथे टेनपिन बोलिंगच्या (लेनवरून जड बॉल सोडून टोकाच्या दहा पिना पाडायच्या) बॉलबद्दल एकाने सल्ला दिला: "पहिला स्वतःचा बॉल घेताय तर सगळ्यात जास्त हुक होणारा (वळणारा) रिअ‍ॅक्टिव्ह (लेनला पकडणाऱ्या रेझिनच्या कव्हरचा) घ्या, लेन कशीही असो." रात्री झोप लागली नाही, म्हणून लिहितोय.

फाउल लाइनपासून (जिथून बॉल सोडतात) हेडपिनपर्यंत (सगळ्यात पुढची पिन) ६० फूट. तेल साधारण पहिल्या ४० फुटांत, मध्ये दाट आणि कडेला पातळ. तेलावर बॉल घसरतो, कोरड्यावर पकडतो. शनिवारी संध्याकाळपर्यंत खेळून खेळून आपल्या लेन पुढच्या भागात कोरड्या ठाक पडलेल्या असतात. तिथे खरखरीत, ताकदीचा बॉल टाकला की तो लवकरच वळायला लागतो आणि पिनांपाशी पोचेपर्यंत त्याचा जीव गेलेला असतो. मी नेमका असाच बॉल घेतला होता. पाय डावीकडे सरकवून सरकवून शेजारच्या लेनला टेकलो, तरी बॉल हेडपिन ओलांडून ब्रुकलिनलाच, म्हणजे हेडपिनच्या डाव्या, चुकीच्या बाजूला जायचा. नवशिक्याने प्लास्टिक किंवा मवाळ रिअ‍ॅक्टिव्ह घ्यावा, बस.

पंचवटीकर
तो "एक" म्हणजे मीच, नाव घ्यायला हरकत नव्हती. भाऊ, तुम्ही शनिवारचंच बोलताय. नुकतं तेल मारलेल्या लेनवर कधी खेळलात का? तिथे तुमचा मवाळ बॉल सरळ घसरत जाईल, वळायचं नाव घेणार नाही. ताकदीच्या बॉलला पॉलिश मारून शांत करता येतं, मवाळ बॉलमध्ये ताकद कुठून आणणार? उद्या बाहेरगावी स्पर्धेला गेलात तर काय करणार?

सातपूरवाला
पॉलिशने कव्हर (बाहेरचा थर) शांत होतं, आतला कोअर (वजनाचा गाभा) तोच राहतो. आणि स्पर्धेचंच काढलंत तर नियमही सांगा की: स्पर्धा सुरू झाली की घासायचा पॅड किंवा पॉलिश मारून पृष्ठभाग बदलता येत नाही. पाचव्या फ्रेमला (गेमच्या दहा पाळ्यांपैकी पाचवी) लेन कोरडी पडली की तुमचं पॉलिश बॅगेतच राहणार.

इंदिरानगरची
दोघंही कव्हर आणि कोअरवर भांडताय, बॉलमधल्या बोटांच्या भोकांबद्दल एक अक्षर नाही! मी दोन वर्षं बोलिंग सेंटरच्या १२ पाउंडी बॉलने खेळले. अंगठ्याचं भोक एवढं मोठं की बॉल निसटू नये म्हणून मूठ आवळावी लागायची. अंगठ्याच्या मुळाशी गाठ आली, पोळी लाटताना कळ यायची. शेवटी मुंबईला जाऊन हाताच्या मापाने ड्रिल करून आणला. परत येताना पंचवटी एक्स्प्रेसमध्ये मांडीवर बॉल, शेजारच्या आजी विचारत होत्या, "कलिंगड आहे का गं?" मापाचा १४ पाउंडी मला आज त्या १२ पेक्षा हलका वाटतो. फिटिंग नाही तर रिलीज (बॉल हातातून नीट सुटणं) नाही, आणि रिलीज नाही तर तुमचे सगळे हुक कागदावर.

गंगापूर रोड
ताई, सगळ्यांना मुंबईला हेलपाटे घालणं जमत नाही. सेंटरच्याच बॉलने मी एका गेममध्ये २०० गुण मारलेत. हे बॉल, पॅड, ड्रिलिंग सगळं पैसेवाल्यांचं खूळ आहे. पोरांना यातून उगाच न्यूनगंड येतो.

इंदिरानगरची
पैसेवाली नाही हो मी. आठ महिने पैसे साठवले. अंगठा तुमचा सुजला असता तर खूळ म्हणाला नसतात. आणि २०० किती वेळा? एकदाच ना?

गंगापूर रोड
दोनदा.

पंचवटीकर
फिटिंगचं ताईंचं खरं आहे. ते माझ्या सल्ल्यात आधी यायला हवं होतं, मानतो. पण बॉलबद्दल मी मागे हटत नाही.

सातपूरवाला
हटू नका, फक्त बघा. बॉल परत आला की हातात घेऊन उजेडाकडे धरा. गडद बॉलवर तेलाच्या बारीक कड्या दिसतात, एकीशेजारी एक. दुपारी त्या ओल्या चमकतात. शनिवारी रात्री बॉल जवळजवळ कोराच परत येतो. मग ताकद हवी की मवाळपणा, ते बॉलच सांगतो. आणि दर वेळी टॉवेलने पुसा. रिअ‍ॅक्टिव्ह तेल पितो, न पुसता ठेवलात तर काही महिन्यांत वळणं विसरतो.

पंचवटीकर
आज दुपारी जाऊन पाहिलं. पहिल्या दोन गेमला कड्या ओल्या होत्या, माझा बॉल पॉकेटमध्ये (हेडपिनच्या उजव्या बाजूच्या फटीत) सुरेख बसत होता. मग एक वाढदिवसाचा घोळका आला, तिसऱ्या गेमला तोच बॉल डावीकडे पळाला. तुमचा मुद्दा शनिवारपुरता मान्य. दुपारपुरता नाही.

सातपूरवाला
नोकरी करणाऱ्याला दुपार मिळते कुठे?

पंचवटीकर
बरं, मग त्याने मवाळच घ्यावा. पण कोपऱ्यातल्या दहा नंबरच्या पिनसाठी प्लास्टिक वेगळा लागणारच, तो सरळ जातो. त्यावर तरी भांडू नका.

सातपूरवाला
त्यावर नाही भांडत.

इंदिरानगरची
आणि तोही मापाने ड्रिल केलेला!