जुना डीव्हीडी प्लेयर नवीन एलईडी टीव्हीला जोडायचाय, चित्र येईना, नुसती घरघर येतीय

कृष्णाकाठ_विश्रामबाग:
नमस्कार मंडळी. सांगलीचाच आहे, आधी गावभागात होतो, २०१९ च्या पुरानंतर विश्रामबागला राहायला आलो. आमच्याकडं एक जुना डीव्हीडी प्लेयर आहे, जुन्या डब्बा टीव्हीबरोबर मस्त चालायचा. टीव्ही भंगारात गेला आणि प्लेयर माळ्यावर. आता अण्णांच्या (माझे वडील, दोन वर्षांपूर्वी गेले) दोन व्हीसीडी, म्हणजे सीडीवर भरलेला व्हिडिओ, सापडल्यात. ते हौशी मंडळात पायपेटी वाजवायचे, २००३ साली भावे नाट्यमंदिरात त्यांच्या मंडळाचा संगीत नाटकाचा प्रयोग झाला होता त्याचं शूटिंग आहे. अण्णांचा हात पेटीवर चाललेला दिसंल असं दुसरं काहीच आमच्याकडं नाही, फोटो आहेत पण ते फोटोच. आई रोज विचारतीय झालं का रे, लागलं का.

तर अडचण अशी की नवीन टीव्ही ४३ इंची आहे आणि त्याला पिवळी-पांढरी-लाल भोकंच नाहीत, मागं एचडीएमआय आहेत आणि एक छोटं गोल भोक, एव्ही इन लिहिलेलं, हेडफोनच्या पिनेएवढं. टीव्हीबरोबर एक छोटी वायर आली होती म्हणं, ती खोक्याबरोबर गेली. म्हणून दुकानातनं एका बाजूला हेडफोनसारखी पिन आणि दुसऱ्या बाजूला तीन रंगाच्या पिना अशी वायर आणली, रंगाला रंग बघून लावली, टीव्हीवर सोर्स एव्ही केला, तर स्क्रीन काळी आणि स्पीकरमधनं मोठ्यानं घर्रर्र. प्लेयर गेला का टीव्हीचं भोक खराब कळंना झालंय.

सोल्डरगन_सातारा:
दादा घाबरू नका, प्लेयर जिवंत आहे. ती घरघर म्हणजेच चित्र आहे, फक्त चुकीच्या वाटेनं चाललंय. झालंय काय की त्या छोट्या पिनेवर चार भाग असतात, काळ्या रेघांनी वेगळे केलेले, एक डावा आवाज, एक उजवा, एक चित्र आणि एक ग्राउंड (तिन्हीची परतीची वाट), पण कुठला भाग कशाचा हे सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं. जुन्या हँडीकॅमची वायर, सेट टॉप बॉक्सची वायर आणि टीव्हीची वायर दिसायला एकच पण आतली जोडणी वेगळी. त्यामुळं चित्राचा सिग्नल आवाजाच्या वाटेत घुसला की घर्रर्र होतं.

आता रंग विसरा. आवाज अगदी कमी करा, डिस्क चालू ठेवा आणि प्लेयरच्या मागच्या पिवळ्या भोकात आधी लाल पिन घालून बघा, मग पांढरी. ज्या पिनेला चित्र येईल ती तिथंच ठेवा, उरलेल्या दोन आवाजाला. तिन्ही घालूनही काहीच आलं नाही तर त्या वायरीचं ग्राउंडच वेगळ्या जागी आहे, मग ती वायर सोडून द्यायची आणि तुमच्या टीव्हीच्या मॉडेलची मागवायची.

अजून एक, चित्र अजिबातच आलं नाही तर प्लेयरच्या रिमोटवर व्ही-मोड किंवा नुसतं व्हिडिओ असं बटण असतं ते डिस्क बाहेर काढून दाबा, दर वेळी दहा सेकंद थांबा. पूर्वी कुणीतरी प्रोग्रेसिव्ह स्कॅन (चित्र पाठवायची वेगळी पद्धत) चालू करून ठेवलेला असला की बऱ्याच प्लेयरमध्ये पिवळ्या भोकातनं चित्र येत नाही आणि माणूस वायरीच बदलत बसतो.

मिरजेची_ताई:
आमचंही असंच झालेलं. शेवटी मी एव्हीचं एचडीएमआय करणारी छोटी डबी घेतली, काही शे रुपयांत मिळते. पण घेताना दिशा नीट बघा हं, मी पहिल्यांदा उलटी आणली, एचडीएमआयचं एव्ही करणारी. दिसायला दोन्ही जुळ्या बहिणी. तीन रंगांची भोकं ज्या बाजूला आहेत तिथं इनपुट लिहिलेलं पाहिजे, आणि डबीला करंट द्यावा लागतो, मोबाईलचा चार्जर किंवा टीव्हीचं यूएसबी चालतं. त्याशिवाय काही उजेड पडत नाही. आधी सातारच्या दादांनी सांगितलंय ते करा, फुकटात होत असेल तर खर्च कशाला.

कृष्णाकाठ_विश्रामबाग:
आलं!! लाल पिन चित्राच्या भोकात घातली आणि आलं! आई स्वयंपाकघरातनं पळत आली. पण आता सगळं ब्लॅक अँड व्हाईट दिसतंय, शूटिंग तर रंगीत होतं, मला आठवतंय नायिकेचा शालू मोतिया रंगाचा. आणि माणसं आडवी ताणल्यासारखी दिसत्यात, आई म्हणाली अरे हे एवढे जाड कधीच नव्हते.

सोल्डरगन_सातारा:
बॅटरी लावून प्लेयरच्या मागं परत बघा, तुम्ही चित्राची पिन पिवळ्यात नाही, हिरव्यात घातलेली असणार. हिरवं-निळं-लाल हा वेगळा संच असतो, त्यातल्या हिरव्यातनं फक्त उजेड-अंधार जातो, रंग बाकीच्या दोन वायरींतनं. म्हणून चित्र स्वच्छ पण बिनरंगाचं. पिवळ्यात घातली की शालू दिसंल. आवाजाच्या पिनाही बघून घ्या, त्या निळ्या-लालच्या संचात गेल्या नाहीत ना.

पिवळ्यात घालूनही रंग आला नाही तर सेटअपमध्ये टीव्ही टाइप एनटीएससी असेल तर पाल करा, या टीव्हीच्या रंगीत चित्राच्या दोन पद्धती आहेत, आपल्याकडं पाल चालतं.

जाडीचं सोपंय, रुंदी-उंचीचं प्रमाण बघितलं तर जुनं शूटिंग ४:३ आहे आणि टीव्ही १६:९. टीव्हीच्या रिमोटवर पिक्चर साइज ४:३ करा. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येतील, येऊ द्यात, आईंना अण्णा जसे होते तसे दिसायला पाहिजेत. आणि चित्र जरा भुरकट दिसंल, तो दोष नाही. व्हीसीडीत चित्र ३५२ बाय २८८ ठिपक्यांचंच असतं, डीव्हीडीत ७२० बाय ५७६. ४३ इंचावर ते पसरणारच, आईंना दोन हात मागं बसवा.

कृष्णाकाठ_विश्रामबाग:
हिरव्यातच होती. मागं अंधार आणि रंग पुसट झालेत. आता रंग आला, अण्णा बारीक झाले, सगळं जमलं. पण अजून एक विचारतो, रागावू नका, पेटीचा आवाज फक्त एकाच स्पीकरमधनं येतोय, अगदी बारीक, आणि दुसरीकडनं नुसती हॉलमधली कुजबुज. पायपेटीसाठीच तर हा सगळा खटाटोप चाललाय.

मिरजेची_ताई:
हे मला माहितीय. प्लेयरच्या रिमोटवर एल/आर किंवा ऑडिओ लिहिलेलं बटण असेल. त्या काळातले शूटिंगवाले बऱ्याचदा एका बाजूला स्टेजचा माइक आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याचा माइक ठेवायचे. बटण दाबत गेलं की स्टिरिओ, लेफ्ट, राइट असं फिरतं. पेटी ज्या बाजूला आहे ती निवडा, तोच आवाज दोन्ही स्पीकरमधनं यील आणि कुजबुज जाईल. आमच्या बाबांच्या भजनाच्या सीडीला मी हेच केलं, पहिल्यांदा टाळ सोडून शब्द कळले.

सोल्डरगन_सातारा:
ताईंनी बरोबर सांगितलं. आणि दादा, आता लागलीय तर परत परत लावत बसू नका, आधी कॉपी करा. कुणाकडं सीडी ड्राइव्ह असलेला कॉम्प्युटर असेल तर डिस्कमध्ये एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर दिसंल, त्यात डॅट फाइल असती, तीच तुमची फिल्म. ती कॉपी करून घ्या, व्हीएलसी नावाच्या फुकटच्या प्लेयर सॉफ्टवेअरमध्ये तशीच चालते. फाइलच्या शेवटी डॉट डॅट आहे तिथं डॉट एमपीजी केलं तर बऱ्याच टीव्हीवर पेनड्राइव्हनंही चालते. दोन ठिकाणी ठेवा, एक भावाकडं किंवा बहिणीकडं. घरी राईट केलेल्या डिस्क वीस वर्षं टिकल्या हेच पुष्कळ. दुसरी डिस्क कशी आहे?

कृष्णाकाठ_विश्रामबाग:
आवाज आला. काल रात्री नांदी सुरू झाली आणि आईनं पदर डोळ्याला लावला तो पडदा पडेपर्यंत. मध्येच अण्णा मान वर करून विंगेत बघत्यात, आई म्हणाली तिथं मी उभी होते. हे आम्हाला कुणालाच माहिती नव्हतं.

दुसरी डिस्क पुरात भिजलेली आहे. खालच्या कपाटात होती, आठवडाभर पाणी घरात. वरच्या बाजूला गाळाचे डाग आहेत आणि स्टिकर अर्धा सुटलाय. प्लेयर थोडा वेळ शोधतो आणि नो डिस्क म्हणतो.

सोल्डरगन_सातारा:
आता ती लावू नका. स्टिकर अजिबात ओढू नका, लोकांना वाटतं चकचकीत बाजू नाजूक, पण सीडीत उलटं असतं, माहिती वरच्या छापील बाजूच्या लगेच खाली असती, वर लाखेचा पातळ थर फक्त. स्टिकरबरोबर तो थर सोलला की संपलं, परत काही करता येत नाही. खालची बाजू चरली तर निदान पॉलिश तरी करता येते. आत्ता एवढंच करा, खालच्या बाजूवर स्वच्छ पाणी सोडा, गाळ सुटू द्या, चोळू नका, मऊ सुती कापडानं मधनं बाहेर सरळ टिपा, गोल गोल नाही. सावलीत वाळवा, उन्हात नको, ड्रायरही नको.

अर्धा सुटलेला स्टिकर फिरताना फडफडतो आणि डिस्क डगमगते, त्यामुळंही वाचत नसेल. माझ्याकडं दुकानात तीन-चार वेगवेगळे जुने ड्राइव्ह ठेवलेत, एकाला वाचत नाही ते दुसऱ्याला वाचतं असं होतं. सगळं नाही तर जेवढं निघंल तेवढं काढून बघू. पैशाचं राहू द्या.

कृष्णाकाठ_विश्रामबाग:
दादा रविवारी साताऱ्याला येतो. आईपण येते म्हणतीय. दुकान किती वाजता उघडता? पत्ता मेसेजमध्ये पाठवा.

सोल्डरगन_सातारा:
दहाला. डिस्क कव्हरमध्ये उभी ठेवून आणा, पेपरात गुंडाळू नका. आणि पहिलीची कॉपी झाली नसेल तर तीपण आणा.