बी-२०४ च्या नानांना कुठला फोन घ्यावा?

सेक्रेटरी (सी-४०१): उद्या गुरुवारी टाकी धुणार आहेत. सकाळी १० ते संध्याकाळी ५ पाणी बंद. कृपया भरून ठेवावे.

सुवर्णा (बी-२०३): हे खाली बोर्डावर पण लावाल का? मागच्या वेळी बी-२०४ चे नाना अंगाला साबण लावून उभे आणि नळाला सूं सूं. आमच्याकडून दोन बादल्या नेऊन दिल्या.

सेक्रेटरी (सी-४०१): बोर्डाची काच फुटली आहे. विषय मीटिंगमध्ये घेतलाय. नानांनाच ग्रुपवर घ्या ना.

सुवर्णा (बी-२०३): कशावर घेऊ? बटणाच्या फोनवर?

सुवर्णा (बी-२०३): नाना आत्ता माझ्याकडेच बसलेत चहाला. फोन २०१२ चा आहे. ४ चं बटण तीनदा दाबावं तेव्हा एकदा उमटतं. म्हणतायत, "घेईन तर एकदाच घेईन, आधी चार जणांना विचार." म्हणून विचारतेय. बजेट १२ हजार, फार ताणलं तर १५. कामं तीनच: सूचना वाचणे, नाशिकच्या बहिणीशी व्हिडिओवर बोलणे, आणि नोव्हेंबरचा हयातीचा दाखला घरून करणे. ते सांगतील, मी टाइप करते.

अमोल (बी-५०१): १५ मध्ये १०८ मेगापिक्सेल मिळतो आरामात! १२० हर्ट्झ, ५जी. लिंक टाकतो.

सुवर्णा (बी-२०३): नाना विचारतायत, हर्ट्झने अक्षर मोठं दिसतं का?

अमोल (बी-५०१): नाही 😅 स्क्रोल स्मूद होतं.

सुवर्णा (बी-२०३): "मग राहू दे."

जोशी काकू (डी-४०२): नाना, घ्याच. मी ६८ व्या वर्षी घेतला, आता माझ्याशिवाय ग्रुप उघडत नाही 🙏🌹

प्रधान काका (ए-१०१): तोच तर त्रास आहे.

जोशी काकू (डी-४०२): कळलं हो कळलं.

मृण्मयी (सी-३०३): माझा जुना फोन पडून आहे, २०१८ चा. चालतो अजून. नानांना फुकट देते.

मंदार (ए-५०२): मृण्मयी, मन मोठं आहे तुझं, पण नको. आईला मी हेच केलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो. माझा चार वर्षं वापरलेला फोन तिला दिला. बॅटरी दुपारपर्यंत टिकायची, अपडेट यायचे कधीच थांबले होते, मेमरी भरली की फोन गप्प बसायचा. आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं, आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. आपण फोनला शिव्या घालतो, ती स्वतःला घालायची. तीन महिन्यांत तिने तो कपाटात ठेवला. मग नवीन घेतला, साधाच, आणि तो पंधरा दिवसांत जमला. ज्याला फोनची सवय आहे त्याला जुना दिला तर चालतं. पहिल्यांदा हातात घेणाऱ्याला नाही.

दुसरं, स्पर्श. नानांनी इतकी वर्षं बटण दाबलंय, म्हणजे ते काचेलाही दाबणार. काचेला जोर कळत नाही, फक्त बोट लागलं एवढंच कळतं. आई अंगठा रोवायची, फोनला वाटायचं ही दाबून धरतेय, मग चित्रं इकडची तिकडे. एकदा व्हॉट्सॲपच घरंगळत दुसऱ्या पानावर गेलं आणि ती म्हणाली, माझा फोन चोरीला गेला. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी म्हणून भाग असतो, त्यात दाबून धरण्याची वेळ 'लाँग' करून ठेवता येते. खाली तीन बटणं कायम दिसतील असंही करून घ्या. बोट सरकवून मागे जायची पद्धत असते ती या वयात कुणी शिकवू नये. पॉवर बटणाने कॉल कट होण्याची सोय त्याच भागात सापडेल. आईला ती सगळ्यात आवडली, कारण ते एक तरी खरं बटण आहे.

सुवर्णा (बी-२०३): नाना ऐकतायत. "चित्रं घरंगळतात" यावर हसले. विचारतायत, अक्षर केवढं होतं तुझ्या आईच्या फोनचं?

मंदार (ए-५०२): मोठं करता येतं नाना, बऱ्यापैकी.

सुवर्णा (बी-२०३): ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: नानांनी ३४ वर्षं चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात छपाईचे शिशाचे खिळे जुळवले. "बऱ्यापैकी" त्यांना चालत नाही. म्हणतायत, "चौदा पॉइंट चष्म्याशिवाय, बारा चष्म्याने, दहा मला दाखवू नका."

इम्रान (डी-१०२): 😂 नाना आमच्या दुकानात या. मोबाइल रिपेअरचं आहे, विकायचे फोन माझ्याकडे नाहीत, म्हणून खरं सांगतो. खोक्यावर ८ जीबी रॅम लिहिलं असलं तरी कोपऱ्यातलं चांदणीचं चिन्ह बघा. खाली बारीक अक्षरात ४+४ असतं. खरी रॅम ४, बाकीची ४ स्टोरेजमधून उसनी. २ किंवा ३ जीबीवाला कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका, तो सहा महिन्यांत माझ्याकडेच येतो. खरी ६ मिळाली तर उत्तम, स्टोरेज १२८.

इम्रान (डी-१०२): आणि ५ हजार एमएएचच्या खाली बॅटरी नको. काच-टफन आणि कव्हर पहिल्याच दिवशी. डिस्प्ले फुटला तर स्वस्त फोनचा डिस्प्ले फोनच्या निम्म्या किमतीत जातो.

मंदार (ए-५०२): दाखल्यासाठी पण ४ जीबी रॅम लागतेच. जीवन प्रमाणचं (सरकारी ऑनलाइन हयातीचा दाखला) चेहऱ्यावरून ओळखायचं जे आहे त्याला ४ जीबी, ६४ स्टोरेज आणि ५ मेगापिक्सेल कॅमेरा सांगितलाय. अमोल, ५. १०८ नाही.

अमोल (बी-५०१): 🙄

प्रधान काका (ए-१०१): दाखल्यासाठी फोन कशाला? पोस्टमन घरी येऊन करून देतो, ७० रुपये घेतो. मी तेच करतो.

सुवर्णा (बी-२०३): काका, पोस्टमन सहसा बोटाचा ठसा घेतो. नानांची बोटं शिसं आणि रॉकेलने घासून गुळगुळीत झालीत. बँकेत दहाही बोटं लावून झाली, मशीन "पुन्हा प्रयत्न करा" म्हणतं. नाना म्हणतायत, "सरकारची कागदपत्रं छापता छापता माझाच ठसा गेला."

प्रधान काका (ए-१०१): बरं. मग माझा दुसरा मुद्दा. फोन आला की फसवणारे आले. लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, नावापुढे एपीके (म्हणजे ॲप) असतं, उघडली की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. पोलीस बोलतोय म्हणून व्हिडिओवर तासन् तास बसवून ठेवतात, त्याला डिजिटल अरेस्ट म्हणतात. असला प्रकार कायद्यात नाहीच. माझ्या ओळखीतले एक हेडमास्तर, हुशार माणूस, सव्वा लाख गेले.

जोशी काकू (डी-४०२): १९३० नंबर भिंतीवर लिहून ठेवा. पैसे गेल्या गेल्या फोन करायचा त्यावर. माझ्या फ्रिजवर आहे.

मंदार (ए-५०२): काकांचं खरं आहे, पण त्याला उपाय आहे. पेन्शनच्या खात्याला त्या फोनवरून यूपीआय जोडूच नका. नानांना यूपीआय नकोच आहे, त्यांच्या तीन कामांत ते नाही. कुणी "काका, सोय होईल" म्हणून उत्साहाने जोडून देईल, तेवढं सांभाळा.

इम्रान (डी-१०२): आता महत्त्वाचं. नाना, सिम कुठलं आहे? मोठं की बारीक?

सुवर्णा (बी-२०३): उघडून बघितलं. मोठं, अख्खं. कडा पिवळी पडलीय.

इम्रान (डी-१०२): म्हणजे टूजीचं जुनं. नवीन फोनमध्ये जाणार नाही, कापूनही उपयोग नाही. कंपनीच्या गॅलरीत जाऊन बदलून घ्यावं लागेल, आधार घेऊन, स्वतः. दोन गोष्टी कुणी सांगत नाही. एक, सिम बदललं की २४ तास एसएमएस बंद असतात. नियमच आहे, दुसऱ्याने तुमचं सिम काढून ओटीपी पळवू नये म्हणून. त्या दिवशी बँकेचं काही काम ठेवू नका. माझ्या दुकानात दर आठवड्याला कुणीतरी येतं, "नवीन फोनला मेसेजच येत नाही, फोन खराब आहे." दोन, जुन्या सिममधले नंबर नव्या सिममध्ये येत नाहीत. किती आहेत?

सुवर्णा (बी-२०३): नाना सांगतायत, "एकशे ऐंशी, पण त्यातले साठ आता हयात नाहीत."

सुवर्णा (बी-२०३): डायरी आहे त्यांच्याकडे. मृण्मयी, रविवारी बसशील का नंबर भरायला? जीमेलचं खातं उघडून त्यात भर, म्हणजे फोन हरवला तरी नंबर राहतील.

मृण्मयी (सी-३०३): हो. नावं मराठीत भरू?

सुवर्णा (बी-२०३): हे विचारायला नको होतंस. आता ऐक: "आडनाव आधी."

मंदार (ए-५०२): एक सुचवू? पहिला महिना जुनं सिम हलवूच नका. दुसरं नवीन सिम घ्या, स्मार्टफोनमध्ये टाका, व्हॉट्सॲप त्याच्यावर. जुना फोन जुन्या नंबरसकट खिशात राहू दे. ज्या दिवशी नाना स्वतः म्हणतील "आता दोन कशाला", त्या दिवशी बदला. हातातली सवय काढून घेतली की माणूस घाबरतो. आईच्या वेळी मी तेच चुकलो.

सुवर्णा (बी-२०३): "दोन रिचार्ज मारून घेऊ का मी?"

इम्रान (डी-१०२): जुन्यावर फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक मारा नाना. नेट नसलेले पॅक ठेवायला ट्रायने (दूरसंचार नियामकाने) कंपन्यांना लावलंय. दुकानदार आपणहून सांगत नाही, मागायचा.

सुवर्णा (बी-२०३): "हे बरं आहे. हा मुलगा कुणाचा?"

सेक्रेटरी (सी-४०१): कृपया सूचनांच्या ग्रुपवर एवढी चर्चा नको. टाकीची सूचना वर गेली.

प्रधान काका (ए-१०१): बोर्डाची काच बसवा, म्हणजे वर जाणार नाही.

(शनिवार)

सुवर्णा (बी-२०३): घेतला! अडीच तास लागले. रिपोर्ट देते, कारण पुढे कुणाच्या आई-बाबांना उपयोगी पडेल.

सुवर्णा (बी-२०३): स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो. मुलाने पहिल्यांदा कॅमेरा दाखवला. नानांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, "भाषा मराठी कर, अक्षर सगळ्यात मोठं कर, मग बोलू." सेटिंगमध्ये अक्षराचा आकार वेगळा आणि डिस्प्लेचा आकार वेगळा असतो. दोन्ही शेवटाला नेले. पहिल्या फोनमध्ये 'पुढे' हे बटणच पडद्याच्या खाली गेलं, दिसेना. दुसऱ्यात 'संपर्क' ची 'संप…' झाली. नाना म्हणाले, "संप आम्ही केलेत, हा फोन नको." तिसऱ्यात ओळ नीट मोडत होती. मग त्यांनी खिशातून पोस्टकार्ड काढलं, स्वतःच्या हाताने लिहिलेलं, 'तऱ्हा' 'ल' 'श' 'ळ', आणि काचेशेजारी धरलं. मला कधी कळलंच नव्हतं, फोनची भाषा हिंदी असली की ल दांडीचा दिसतो, आणि त्या फोनमध्ये मराठी केल्यावर पाकळीचा झाला. श पण मराठी वळणाचा झाला. नानांचा चेहरा बघायला हवा होतात. दुकानातला मुलगा म्हणाला, काका पहिलं गिऱ्हाईक बघितलं असं.

अमोल (बी-५०१): मी आत्ता माझा चेक केला. माझा ल दांडीचा आहे 😳

सुवर्णा (बी-२०३): मग त्या मुलाने इन्शुरन्स, एक वर्षाची जास्तीची वॉरंटी आणि कानातली वायर असं २,१०० चं बिल न विचारता जोडलं. मी काढायला लावलं. बिलाचा कागद वाचा सगळ्यांनी, नुसती खालची रक्कम बघू नका. फोन पडला १३,४९९ ला, खरी ६ जीबी. खोक्यावरचा आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) आणि *#०६# दाबून आलेला जुळवून बघितला, इम्रानने सांगितल्याप्रमाणे.

इम्रान (डी-१०२): 👍 टफन उद्या माझ्याकडे. नानांकडून पैसे नाही.

सुवर्णा (बी-२०३): ते म्हणतायत, पैसे घेणार नसशील तर येणार नाही.

इम्रान (डी-१०२): बरं, ५० रुपये.

(रविवार)

मृण्मयी (सी-३०३): नंबर भरून झाले. १२० भरले. उरलेल्या साठचं काय करू विचारलं तर म्हणाले, "डायरीत आहेत की."

मंदार (ए-५०२): उचलायला जमतो का कॉल?

मृण्मयी (सी-३०३): सरकवून उचलायचं होतं, तीनदा कट झाला. एका टॅपने उचलायचं सेटिंग होतं या फोनमध्ये, ते केलं. आता पहिल्या रिंगला उचलतात. व्हिडिओ कॉलला फोन कानाला लावतात, पण नाशिकच्या आजींची तक्रार नाही, त्यासुद्धा तेच करतात.

(१६ दिवसांनी)

सेक्रेटरी (सी-४०१): बी-२०४ नाना यांना ग्रुपवर समाविष्ट केले आहे.

सेक्रेटरी (सी-४०१): शुक्रवारी पंपाची दुरुस्ती. सकाळी ११ ते दुपारी ४ पाणी बंद.

नाना (बी-२०४): वाचले. गॅलरीत बसून, चष्म्याशिवाय. मागच्या सूचनेत ५ लिहिले होते, पाणी पावणेसहाला आले. ४ म्हणजे किती, ते लिहावे.